बहिणीचा रंग

पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या ताईने धाकट्या बहिणीचं चित्र मार्करने रंगवलं. बहिणीने आपला हात कागदाशेजारी ठेवला.

"ताई, ही कोण गं?"

ताईने हात पाहिला, मग चित्र. काळीसावळी बहीण कागदावर गोरीपान उतरली होती! तिने खणातून बहिणीची जुनी चित्रं उपसली. सगळ्यांत तोच फिकट रंग.

"मला कधी कळलंच नाही," ती पुटपुटली. नव्या कागदावर तिने गडद तपकिरीचे थर, आधीचा ओला असतानाच, चढवले, सावलीत जांभळा मिसळला, केसांना काळ्याआधी निळा दिला.

आई डोकावली आणि दचकलीच. "अगं, किती काळी केलीस!"

"आई, मी अशीच आहे," बहीण म्हणाली.

ताईने पुढचा थर चढवायला घेतला.