चढाची परीक्षा

सास्तूरच्या कल्याणप्पांनी लॉरी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा तिच्या इंजिनाची खोड त्यांना माहीत होती. ती कुणी लपवली नव्हती. सोलापूरच्या विक्रेत्याचा माणूस बलभीम याने बोलणी तिथूनच सुरू केली. लढाई संपल्यावर आलेली ही नवी कोरी गाडी सपाटीवर बिनतक्रार चालते, पण भरल्या मालाने चढ चढताना इंजिन तापतं. सुधारलेला भाग विलायतेहून यायचा आहे. आला की फुकट बसवून देऊ.

"कवा येणार?"

"जहाजावर चढलाय, अप्पा."

"कंच्या जहाजावर?"

बलभीमने गाडीच्या किमतीचा कागद पुढे केला.

कल्याणप्पांचा धंदा माल वाहण्याचा. सास्तूर, माकणी आणि लोहाऱ्याच्या व्यापाऱ्यांची तूर, करडई त्यांच्या चार बैलगाड्या सोलापूरला नेत. निजामाची हद्द संपते तिथल्या करोडगिरी नाक्यावर जकात भरायची आणि पुढे जायचं. एका फेरीत आठवडा मोडे. त्या वर्षी, १९४६ साली, उमरग्याच्या महालिंगप्पांनी एक जुनी लॉरी आणली आणि दोन व्यापारी तिकडे गेले. कल्याणप्पांनी लॉरी घेतली नाही, तर उरलेलेही जाणार हे उघड होतं. घ्यायची, तर चारांपैकी तीन बैलजोड्या विकाव्या लागणार होत्या. भूमचं गिऱ्हाईक बैलांचे दात पाहून गावातच थांबलं होतं. जोड्या गेल्या आणि लॉरी चढावर बसली, तर हाती काहीच उरणार नव्हतं.

म्हणून सोलापूरच्या वाटेवर लागणाऱ्या नळदुर्गच्या चढावर लॉरीची परीक्षा घ्यायचं ठरलं. नवी तूर अजून शेतात होती, भरायला पोती नव्हती.

"माणसं भरू," कल्याणप्पा म्हणाले.

माणसांना सांगावं लागलं नाही. तीसेक गडी लॉरीत चढले. त्यातले बहुतेक कल्याणप्पांच्याच गाड्यांवर राबलेले. कल्याणप्पांच्या पत्नी शिवगंगा, थोराड अंगाची अयोध्या आणि आणखी दोघी नळदुर्गच्या खंडोबाचं निमित्त काढून आत बसल्या. लॉरी बलभीम चालवत होता.

चढाच्या पायथ्याशी इंजिनाचा आवाज बदलला आणि वेग उतरला. तसा धोंडप्पा, सगळ्यांत जुना गाडीवान, फळीवरून खाली उतरला. त्याच्या मागे बाकीचे गडी उतरले. कुणी कुणाला सांगितलं नाही. चढ लागला की उतरायचं, जनावराला हलकं करायचं, ही त्यांच्या पायांची सवय. गाडी मागे सरकली तर चाकाखाली सारायला धोंडप्पाने रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि तो घेऊन चालू लागला. कल्याणप्पाही पुढच्या बैठकीवरून उतरले होते. लॉरीच्या कडेला हात लावून चार पावलं चालले, मग सगळ्यांबरोबर मागून झपाझप येऊ लागले.

वर पोचल्यावर बलभीमने झाकण उघडून दाखवलं. पाणी उकळत नव्हतं.

"हात लावून बघा, अप्पा."

"लई गुणाची हाय," धोंडप्पा म्हणाला आणि त्याने धोंडा टाकला.

"भूमवाल्याला आजच व्हय म्हणून सांगतो," कल्याणप्पा म्हणाले.

शिवगंगाने लॉरीतून वाकून विचारलं, "आवो, काय ठरलं?"

"घ्यायची. चढली न्हाय का?"

"न चढायला काय झालं? आत आमी चौघीच हुतो."

"चौघी, पण अयोध्याला धरा," कुणीतरी म्हणालं. "तिची दोन पोती हुतील."

"तुज्या आईला धर!" अयोध्या आतून म्हणाली.

गडी हसले, मग एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांच्या अंगावर घाम होता. कल्याणप्पांनी बलभीमकडे पाहिलं.

"तुमाला दिसलं न्हाय, समदे उतरलेले?"

"दिसलं की. म्हटलं, इकडची रीत असंल."

"पुन्यांदा चढवा."

"पेट्रोल कुपनावर मिळतंय, अप्पा."

"जोड्या माझ्या जायच्या हायत."

लॉरी पुन्हा पायथ्याशी आली. कल्याणप्पांनी गड्यांना बजावलं, "कुनी उतरायचं न्हाय. तुमी पोती हाव. पोती उतरत न्हाईत."

अर्ध्या चढावर लॉरी कण्हू लागली. एका गड्याने पाय फळीबाहेर टाकला. "बस!" कल्याणप्पा पुढून ओरडले. धोंडप्पा म्हणाला, "अप्पा, मुकी हाय ती. उतरू द्या की." तेवढ्यात झाकणाच्या फटीतून वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. लॉरी हातभर मागे सरकली. धोंडप्पाने उडी मारून रस्त्याकडेचा धोंडा चाकाखाली सारला. ओढ्याचं पाणी आणून ओतलं, पुष्कळ वेळ वाट पाहिली. इंजिन चालू झालं नाही. शेवटी गड्यांनी ढकलत लॉरी वर नेली.

"भाग बसवून आणा, मंग बोलू," कल्याणप्पा म्हणाले.

"तवर ही ऱ्हायची न्हाय."

"न ऱ्हाऊ दे."

भूमचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं. लॉरी आठवड्यातच महालिंगप्पांनी घेतली.

त्या हंगामात उरलेल्या व्यापाऱ्यांचा मालही तिकडे गेला. पण ती नवी लॉरी चढाच्या पायथ्याशी थांबे. निम्मी पोती उतरवून बैलगाडीने वर न्यावी लागत आणि पुन्हा भरावी लागत. कल्याणप्पांनी आपल्या गाड्या पायथ्याशी नेऊन उभ्या केल्या. महालिंगप्पांचा माल कल्याणप्पांच्या बैलांनी चढवला. भाडं बरं मिळे; चारी जोड्यांचं त्यावर भागलं.

पुढच्या हिवाळ्यात विलायतेचा भाग आला. भरली लॉरी पायथ्याशी आली तेव्हा धोंडप्पा उठून उभा राहिला. ती थांबली नाही. चढाच्या टोकापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. दुसऱ्या दिवशी गाड्या सास्तूरला परतल्या.

कल्याणप्पा सोलापूरला जाऊन बलभीमला भेटले.

"दीड वर्ष तरी थांबावं लागंल," बलभीम म्हणाला. "लई नावं हायत."

"आन् इंजिन?"

"आता चांगलं हाय, अप्पा. म्हणून तर रांग हाय."

कल्याणप्पांनी नाव नोंदवलं, बैलांसाठी पेंड घेतली आणि ते सास्तूरला निघाले.