सातचा पाढा छापणारा शिक्का

एका मुलीच्या पत्राला वेळेवर उत्तर गेले नाही आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडाच्या मुठीला चिकटवलेल्या रबराने आपली कहाणी सांगावी का, याचीही मला खात्री नाही. पण ते पत्र माझ्याच पोटाखाली दबून होते, म्हणून सांगतो.

नगरच्या एका गल्लीत मी तयार झालो आणि पाथर्डीला, बसस्थानकासमोरच्या गोरक्षनाथच्या शेव-चिवड्याच्या दुकानात आलो. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली कुटुंबे वाटेवर खायला तिथून चिवडा नेतात. पोरेही बरोबर जातात. गोरक्षनाथला कागदी पिशवीवर फक्त दुकानाचे नाव हवे होते. त्याची बायको सत्यशीला म्हणाली, "नाव वाचून पोरांचं पोट भरतंय व्हय? खाली सातचा पाढा घाला. समदी सातवरच अडत्यात."

गोरक्षनाथ हसला. पण पाढा घातला आणि स्वतःच्या हौसेने शेवटी एक ओळ जोडली : 'पुढचे पाढे हवे असतील तर दुकानाच्या पत्त्यावर पत्र लिहा.'

मी दिवसभर पिशव्यांवर उमटत असे. लोक शेजारची दुकाने सोडून पाढ्याची पिशवी मागू लागले. मला फार संकोच वाटे, पण खोटे कशाला बोलू, आवडेही.

मग या पौषात निकिताचे पत्र आले. 'चिवडा संपला. पाढा पाठ झाला. आता आठचा आन नवचा पाठवा. मागच्या साली मागं पडले. औंदाबी पडले तर आण्णा शाळा बंद करनार हायती. होळीला गावी येनार.' खाली संगमनेरकडच्या एका कारखान्याचा आणि रविराज मुकादमाच्या टोळीचा पत्ता होता.

गोरक्षनाथने ते दोनदा वाचले. "आयला, जाहिरात वाचून खरंच कोन लिहितं का?" असे पुटपुटून त्याने पत्र माझ्या डब्यात ठेवले आणि वर मला. उद्या लिहू म्हणाला. त्याच आठवड्यात तोच पाढा छापलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि डबा उघडायचे कारणच उरले नाही. अंधारात माझी ओली शाई त्या पत्रावर उतरत गेली. होळी जवळ येत होती. मी रबराचा, हाक मारणार तरी कशी?

एके सकाळी एक पत्रकार आला. पाढ्याच्या पिशवीचे त्याने फार कौतुक केले आणि विचारले, "मुलांची पत्रं येतात का?"

"लई येत्यात," गोरक्षनाथ म्हणाला.

"मग दाखवा की त्यास्नी," आतून सत्यशीला म्हणाली. नवरा हलेना, तेव्हा तिनेच डबा उघडला. आत एकच पत्र, त्यावर माझा निळा डाग. तिने ते वाचले. "अवं, ही पोर दोन महिने वाट बघती. शब्द पाळायचा न्हवता तर छापला कशाला?"

गोरक्षनाथ पत्रकाराला म्हणाला, "दादा, फोटो राहू द्या. आमी खोटं बोललो." मग कागद घेऊन बसला आणि आठच्या पाढ्यात 'आठ साते'पाशी थांबला.

"माझ्या तोंडाकडं काय बघताय?" सत्यशीला म्हणाली. "तुमचीच पिशवी बघा. सात आठे किती, ते छापलंय."

मित्रांनो, उद्या तुम्ही टपरी टाकाल, नाहीतर मोठा कारखाना काढाल. जाहिरातीत चांगले काम जरूर घाला. गिऱ्हाईकही येईल आणि कुणाचे भलेही होईल. फक्त, छापलेल्या शब्दाला कुणीतरी खरे मानून बसलेले असते, त्याची काळजी घ्या. हे सांगण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. तो शब्द मीच हजारो वेळा छापला होता.

आठचा झाला, नऊचा झाला. सत्यशीलाने दहाचाही लिहायला लावला. खाली गोरक्षनाथने लिहिले, 'उशीर झाला, पोरी. चूक आमची.' पाकिटाला डिंक लावून तो रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या लाल पेटीत पत्र टाकून, ते आत पडले का, हे हात घालून चाचपू लागला.