लाकडाचं अंडं

कोंबडी जिथे अंडं दिसेल तिथेच अंडं घालते, म्हणून शेजारच्या मावशींना खुराड्यात ठेवायला मी लाकडाचं एक अंडं घडवून दिलं होतं. परवा ते नाहीसं झालं आणि भर दुपारी मागच्या भिंतीवर ठकठक सुरू झाली.

"सुतारा, दुपारी तरी डोळ्याला डोळा लागू दे," मावशी कुंपणावरून ओरडल्या. हातोडी माझी, म्हणजे गुन्हाही माझाच. मी चिडून त्यांना मागे नेलं.

तिथे एक मुंगूस भिंतीकडे पाठ करून उभं होतं. त्याने माझं अंडं मागच्या पायांमधून भिंतीवर हाणलं, वळून हुंगलं आणि पुन्हा हाणलं. खरी अंडी ते अशीच फोडतं.

"तुझं काम पक्कं आहे रे," मावशी पुटपुटल्या. आमची चाहूल लागताच ते बिळात शिरलं. अंडं बिळाच्या तोंडाशी राहिलं, आणि पुढे काय होतं ते बघायला आम्हीही ते तिथेच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशींची तांबडी कोंबडी नेमकी त्याच अंड्यावर बसलेली. ती उठली, तर शेजारी एक खरं, गरम अंडं. आम्ही पाठ वळवतो न वळवतो तोच मागे एकदाच ठक झालं.

"मावशी," मी म्हणालो, "दाणे तुम्ही टाकत राहा. कोंबडी त्याने पाळलीय."