खांद्याची जोडी

हॅनाने शवपेटीवरचा पितळी क्रूस रुमालाने पुसला आणि खोलीत दाटलेल्या पुरुषांवरून नजर फिरवली. नवऱ्याला खांदा कोणी द्यायचा, ते तीच सांगणार होती.

लेक डिम्फ्ना भिंतीला टेकून उभी होती. सर्वांच्या मागे मर्विन होता. तिचा मर्विन, बेलफास्टच्या गोदीतला कामगार, प्रॉटेस्टंट. दोन वर्षांच्या प्रेमात या कॅथलिक घराचा उंबरा त्याने प्रथमच ओलांडला होता. आई त्याला सर्वांदेखत हाकलून तर देणार नाही?

“पुढे मॅलकी,” हॅना म्हणाली. मॅलकी थोरला मुलगा. “जोडीला मर्विन.”

कोणीतरी उगीच खोकले.

“आई, डोकं ठिकाणावर आहे का?” मॅलकी उसळला. “ह्याचा बाप दरसाल प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीत ढोल बडवत आपल्या दारावरून जातो!”

“ढोल बाप बडवतो. तू उंची बघ. बुटक्या मामाला जोडीला घेतलंस, तर बाबा चर्चच्या आधीच रस्त्यावर उतरतील.”

मामासुद्धा हसला. मॅलकी हसला नाही.

“काकू, मी देतो खांदा,” मर्विन म्हणाला.

डिम्फ्नाने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. चर्चची वाट डाव्या हाताच्या प्रॉटेस्टंट गल्लीच्या तोंडावरून जात होती. कॅथलिक पेटीखाली तो दिसला, तर उद्या त्याचेच लोक गोदीतून त्याला मारून बाहेर काढतील.

पेटी उठली. मर्विन डावीकडे, मॅलकी उजवीकडे. रीतीप्रमाणे दोघांनी पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले. मॅलकीने विस्तव धरावा तसा. बायका दारात थांबल्या. डावीकडच्या त्या गल्लीच्या कोपऱ्यावर सात-आठ माणसे उभी होती.

कोपऱ्याच्या अलीकडे मॅलकीने हात वर केला. पेटी थांबली. तो मर्विनच्या कानाशी काही बोलला.

“आई, तो त्याला काढतोय.”

“गप्प उभी राहा.”

मागून चालणाऱ्या दोघांनी पुढे येऊन भार घेतला. मर्विन खालून निघाला, क्षणभर रस्त्यात एकटाच उभा राहिला, आणि वळसा घालून उजव्या बाजूने पुन्हा पेटीखाली शिरला. मॅलकी डावीकडे आला होता.

पेटी पुढे सरकली. कोपऱ्यावरच्या माणसांनी मृतासाठी टोप्या काढल्या. त्यांच्या बाजूने पुढे मॅलकीचा चेहरा दिसत होता; मर्विनचा पेटीच्या आड गेला होता.

डिम्फ्नाचे मनगट आपण किती घट्ट धरले आहे, हे हॅनाच्या तेव्हा लक्षात आले.