चुकांवरून ओळख

माझ्या नातीला विद्यापीठात पुढे शिकू द्यायचे की घरी आणून आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बसवायचे, याचा निकाल त्या संध्याकाळी लागायचा होता. अट मीच घातली होती. वर्षभरात आपल्या संघात पहिली ठरलीस तर पुढे शीक, नाहीतर सामान बांध आणि घरी ये. दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून संघाच्या ओळखसमारंभाचे बोलावणे येताच मुलगा, सून आणि धाकटी जाऊ यांना घेऊन मी जातीने निघाले. जावेला नेण्याचे कारण एवढेच, की तिच्या कानांवर पडल्याखेरीज कोणतीही चांगली बातमी नातेवाइकांत पोचत नाही.

संघ कसला, ते मुलाने गाडीत समजावले. जंतूंकडून हवे ते काम करून घ्यायचे, तर त्यांच्या पेशीत नवा मजकूर घालावा लागतो. तो मजकूर कसा असावा हे ठरवणारे सॉफ्टवेअर ही मुले लिहितात.

"म्हणजे जंतूंची कारकुनी," जाऊ म्हणाली. मी तिच्याकडे नुसते पाहिले. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

समारंभ म्हणजे प्रयोगशाळेशेजारची एक खोली होती. उंच स्टुले, अर्धवट पुसलेला फळा, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. पाठ टेकायची सोय असलेली खुर्ची एकच होती; तिच्यावर मी बसले. संघाचा कप्तान हा ताडमाड वाढलेला मुलगा. सगळे त्याला बांबू म्हणत होते आणि त्याला त्याचे काही वाटत नव्हते.

"आमच्याकडे कोणी स्वतःची ओळख स्वतः करून देत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याने द्यायची. आणि गुण सांगायचे नाहीत. त्याची सगळ्यात मोठी चूक सांगायची."

मला वाटले, पोरांची थट्टा असेल. तोच त्याने एका चष्मेवाल्या मुलीला पुढे ओढले. "ही चित्रकार. पडद्यावरची बटणं हिची. 'जतन करा' आणि 'पुसून टाका' ही दोन्ही बटणं हिने एकमेकांना चिकटून ठेवली, तीही एकाच रंगाची. आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं सगळं काम एका बोटात गेलं."

खोली हसली. सर हसले. त्या मुलीची आई चक्क टाळ्या वाजवत होती. आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे आईबापांना बोलावून मुठी उघडून दाखवत होते.

मग माझी नात उभी राहिली. तिची ओळख करून द्यायला प्रयोगशाळेत काम करणारा एक किडकिडीत मुलगा आला. द्रव थेंबाथेंबाने मोजणे हे त्याचे काम, म्हणून त्याचे नाव थेंब.

"हे आमचं कुलूप," तो म्हणाला. माझ्या नातीला कुलूप म्हणतात, हे मला तेव्हा कळले. "हिने माझं उन्हाळाभराचं काम मातीत घातलं. पेशी तो मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. आमच्या एका प्रोग्रॅममध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, दुसऱ्यात एकापासून. ते दोन हिने जोडले आणि हा फरक विसरली. एक अक्षर सरकलं, पुढचं सगळं निरर्थक. आणि मी तोच निरर्थक मजकूर घालून उन्हाळाभर जंतू वाढवत बसलो."

"पोरीला मोजता येत नाही म्हणायचं," जाऊ कुजबुजली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

माझ्या कानांत कोणी शिसे ओतावे तसे झाले. मी उभी राहिले. "पुरे. माझ्या नातीची चार लोकांत नाचक्की करायची होती, म्हणून आम्हांला बोलावलंत?"

हसू जागच्या जागी विरले. थेंबाचा चेहरा उतरला. "आजी, तसं नाही..."

"मी तुमची आजी नाही." मी मुलाकडे वळले. "गाडी काढ."

"आजी, खाली बस," नात म्हणाली. "ही चूक सांग, असं मीच त्याला सांगितलं होतं."

आमच्या घराची सूत्रे हाती घेतल्यापासून मला कोणी 'खाली बस' म्हटले नव्हते. मी बसले.

थेंब चाचरत बोलू लागला. "माझे जंतू काही करीनात, तेव्हा सगळ्यांना वाटलं माझ्या हाताचाच दोष. मलाही तसंच वाटलं. संघ सोडतो असं सांगायला मी सरांकडे गेलो होतो. तिथे ही आली आणि म्हणाली, चूक माझी आहे, कालच सापडली."

मी नातीला विचारले, "तू बोलली नसतीस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"मग काय, आजी? हा गेला असता."

"आपल्या कारखान्यात बिघडलेलं कापड काळ्या रंगात बुडवतात," मी म्हणाले. "काळं कापड म्हणून ते विकलं जातं. कारागिराची अब्रू राहते आणि कोणाचं काही अडत नाही."

"कापडाला चालतं ते. इथे ह्याला काळ्यात बुडवावं लागलं असतं."

मी तो विषय सोडून अटीवर आले.

"माझी अट ठाऊक होती ना तुला?"

"होती. बॅग भरून तयार आहे."

दाराआड खरोखरच बॅग उभी होती, पट्टा आवळलेली. मी सुनेकडे पाहिले. तिने मान खाली घातली. "काल मीच येऊन भरून दिली, आई. तुमचा शब्द कधी फिरत नाही, म्हणून..."

माझ्या पायांखालची जमीन सरकली ती इथे. या पोरीने काय केले हे घरात सगळ्यांना कळले होते आणि मी काय करीन याविषयी कोणाच्या मनात शंकाच नव्हती. मला विचारण्याची गरजच त्यांना वाटली नाही. त्यांनी घड्या घालून कपडे भरले.

मुलाने घसा खाकरला. "कप्तान, तुमच्यात पहिलं कोण?"

"पहिलं असं कोणी नाही, काका. पण त्या चुकीनंतर आम्ही ठरवलं, हिने तपासल्याशिवाय एक अक्षरही बाहेर जायचं नाही. सरांचंसुद्धा. म्हणून कुलूप."

"ऐकलंस ना, आई?" मुलगा घाईघाईने म्हणाला. "म्हणजे पहिली हीच झाली. अट पुरी झाली."

पळवाट चांगली होती. सुनेचा चेहरा उजळला. मीही क्षणभर त्या पळवाटेकडे आशेने पाहिले, हे लपवत नाही.

"नाही, बाबा," नात म्हणाली. "मी पहिली नाही. तपासते एवढंच. अट पुरी झालेली नाही."

आणि ती दाराकडे गेली. बॅगेचा पट्टा तिने खांद्यावर घेतला. तिने मागे वळून पाहिले नाही. एवढी खोली भरलेली होती, पण तिला अडवायला कोणी उठले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"बॅग खाली ठेव," मी म्हणाले. "अट मी मागे घेते."

"जाऊबाई, अहो, तुमचा शब्द?" जावेचा आ तसाच वासलेला राहिला.

"फिरवला."

मुलाने माझ्याकडे असे पाहिले, की मला बरे नाही की काय असे त्याला वाटले असावे. नात जागची हलली नाही. धावत येऊन गळ्यात पडणे आमच्या घरात कोणाला शिकवलेलेच नाही. तिने बॅग खाली ठेवली आणि भांबावून विचारले, "मग आता?"

"आता काय? पुढच्याची ओळख करून दे. लोक ताटकळलेत."

तिने डोळे पुसले, बांबूला बाहीला धरून पुढे आणले, आणि फाटलेल्या आवाजात सुरुवात केली, "हा आमचा कप्तान. ह्याने गेल्या वर्षी..."

जाऊ ऐकायला पुढे वाकली. मीही.