लहानूचा हुंकार

"ह्याला आवाज म्हनतोस तू?" लहानू काठे म्हणाला. "गार झालेलं भजं हाय हे. पीठ हाय, तेल हाय, चव मेली."

शेखर हसला. "तात्या, तुम्ही स्क्रीनकडे बघताय म्हणून तसं वाटतंय. डोळे मिटून ऐका ना."

"मेल्यावर मिटीन की. आत्ता कशाला?"

छाया तोंडावर ओढणी घेऊन हसली. कोंडाजीशेठ हसला नाही. तो समोशाचा चुरा शर्टावरून झटकत होता. गाण्यांना पैसा त्याचा लागायचा, त्यामुळे हसायचं कधी हे तोच ठरवायचा.

कॉलेज रोडवरच्या एका इमारतीच्या तळघरात हा स्टुडिओ होता. भिंतींना काळा फोम, दारावर लाल दिवा, फिरत्या खुर्च्या, मधे मोठी काच आणि तिच्या आत गायची खोली, आणि या सगळ्याच्या मागे शेखरच्या बापाची द्राक्षबाग. संगणकाच्या पडद्यावर एका सिंथेसायझरचं चित्र होतं. गोल बटणं, पट्ट्या, कडेला लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर लाकडाच्या रेषासुद्धा काढल्या होत्या. चित्राला लाकूड कशाला लागतं, हे काढणाऱ्याला कुणी विचारलं नसावं. मुंबईहून आणलेल्या चोरीच्या सीडीतून शेखरने हे सॉफ्टवेअर फुकटात उतरवलं होतं. कुणीतरी खऱ्या यंत्राची नक्कल केली, कुणीतरी ती नक्कल चोरली, आणि आता त्या चोरीवर देवीची गाणी निघणार होती. शेखर दर मंगळवारी उपास धरायचा, हेही सांगून ठेवतो.

खरं यंत्र आत, गायच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर होतं. जपानी, जड, एका कडेची फळी गेलेली. पंच्याऐंशी साली देवळाली कॅम्पातला एक साहेब बदली होऊन चालला, तेव्हा त्याच्या बंगल्यावरून लहानूने ते विकत आणलं. घरची माणसं मखमलाबादला फुलकोबी लावत होती आणि हा बाजा घेऊन आला. बापाने वर्षभर तोंड पाहिलं नाही. त्या यंत्रात काही साठवता येत नसे. आवाज दर वेळी बटणं फिरवून विजेतून नव्याने घडवायचा. ते तापेपर्यंत सूर सरकायचा, म्हणून आधी चालू करून चुलीवरच्या दुधासारखं त्याच्याजवळ बसावं लागे. लहानू बसायचा. बाकी कशाजवळ तो कधी तितका बसला नाही. बायकोजवळही नाही.

त्याची ख्याती एका आवाजासाठी होती. जागरणात गाणं सुरू व्हायच्या आधी तो खर्जातली काळी चार दाबायचा आणि डाव्या हाताने एक बटण हळूहळू फिरवायचा. बंद गाभाऱ्यात कुणी जागं व्हावं तसा तो सूर वाढत, उघडत जाई. मग संबळ पडे, आणि पुढच्या रांगेतल्या दोनचार बाया केस सोडून घुमू लागत. लोक त्याला देवीचा हुंकार म्हणत. कुणी पाया पडायला आलं की लहानू म्हणे, "माझ्या नको पडू. डावीकडचं बटन हाय ते, त्याच्या पड." भक्ती त्याला कधी चिकटली नाही. गर्व मात्र भरपूर. आपल्यासारखा कान गोदावरीच्या दोन्ही काठांना नाही, असं तो चहाच्या टपरीवरही सांगायचा. इतर कीबोर्डवाल्यांना तो 'टायपिस्ट' म्हणायचा.

कोंडाजीशेठचं दुकान कळवण तालुक्यात, देवीच्या गडाच्या पायथ्याशी. नारळ, ओटीचं सामान, कॅसेट. दर नवरात्राआधी तो नवी गाणी काढायचा. गाणार छाया, हुंकार लहानूचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. या वर्षी, दोन हजार सहा साली, पहिल्यांदा सीडी निघणार होती. आणि शेखरने त्याला फोनवर सांगितलं होतं, की तात्यांना त्रास कशाला द्यायचा, तो आवाज आता कॉम्प्युटरमध्येच आहे.

"मला एक सांगा," कोंडाजीशेठ म्हणाला, "बाया घुमल्या पायजे. मग तो डबा असो का मशीन."

"डब्यावर कोन घुमनार?" लहानू उसळला. "फार तर भोवळ येईल. शेठ, ह्याचा अन् माझा हुंकार एकामागं एक लाव म्हनावं. झोपेतून उठवून इचारा, माझा कोनता ते सांगतो. नाय सांगितलं तर ही मशीन पुन्हा ह्या तळघरात आननार नाय."

"अन् सांगितलं तर?"

"तर ही कार्टून पिच्चर बंद करायची, अन् गान्यात हुंकार माझा. ह्या वर्षी, पुढच्या वर्षी, मी हाय तवर."

"लागली," कोंडाजीशेठ म्हणाला. त्याला बरंच वाटलं. ठरवायचं काम कुणीतरी अंगावर घेतलं होतं.

शेखरने आधी स्पीकर बंद ठेवून यंत्रातून लहानूचा हुंकार थेट वायरीने संगणकात भरून घेतला. मग छोट्या प्लास्टिकच्या कीबोर्डवर तीच पट्टी दाबून सॉफ्टवेअरचा भरला. लहानूला त्याने भिंतीकडे तोंड करून बसवलं. साठीकडे झुकलेला माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा फोमच्या भिंतीकडे बघत बसला.

"तात्या, हा पहिला."

सुरुवातीलाच चर्र झालं. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं. मग सूर वर आला, किंचित चढला, पुन्हा जागेवर बसला. लहानूचे खांदे सैल झाले. ती चर्र त्याच्या घरची होती. काळ्या चारच्या पट्टीखालचा पितळी काटा कधीपासून काळवंडला होता, आणि ती पट्टी दाबली की आधी ती चर्र यायची. त्याच्या एकूण एक कॅसेटवर ती होती.

"आणि हा दुसरा."

दुसरा स्वच्छ होता. न्हाऊन, भांग पाडून आल्यासारखा. कुठे खरचटलेलं नाही.

दुसरा संपायच्या आत लहानू वळला. "पैला! पैला माझा. अरे, आईला लेकराची शिंक कळती, मला माझी मशीन कळनार नाय? दुसरा तो तुझा इस्त्रीवाला."

शेखरने पडद्यावरून नजर काढून लहानूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "करेक्ट, तात्या."

छायाने टाळ्या वाजवल्या. "बघा! मी म्हटलं होतं ना शेठ?" ती काही म्हणाली नव्हती. कोंडाजीशेठने लहानूच्या पाठीवर थाप मारली आणि आणखी समोसे सांगितले. लहानू छाती काढून कोपऱ्याकडे गेला. जाताजाता पडद्यावरच्या चित्राला म्हणाला, "बस आता गप, टायपिस्ट."

शेखरने त्याच्या पायाशी वाकून यंत्राची वायर आता स्पीकरला जोडली. बाकीचे दोघं काचेपलीकडे चहा घेत होते. लहानूने बोटं मोडली आणि सहज काळी चार दाबली.

सूर आला. स्वच्छ.

त्याने पट्टी सोडली, पुन्हा दाबली. चर्र नाही. पुन्हा दाबली. आणि मग त्याला रविवार आठवला. स्टुडिओत जायचं म्हणून ओट्यावर मशीन उघडलं होतं, पेट्रोलने तो पितळी काटा घासून लख्ख केला होता, वाजवून न बघताच पुन्हा बांधलं होतं, आणि बायको नवसाबाई आतून ओरडत होती, की घराचा पंप केलाय मेल्यानं. परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या डोक्याला तेल लावावं, तसं त्याने स्वतःच मशीनला नटवून आणलं होतं.

म्हणजे तो न्हालेला, भांग पाडलेला, इस्त्रीवाला आवाज त्याचा होता.

"शेखर," तो हळूच म्हणाला. "पैला माझा नव्हता."

शेखरने काचेकडे पाहिलं. "हळू बोला."

"मंग बरोबर का म्हनलास?"

"जाऊ द्या ना. तुमचा चेहरा बघितला मी. इतके खुश झालात. आता रेकॉर्ड तुमचंच करू, व्यवस्थित. कव्हरवर नाव टाकू, फोटो टाकू. नंतर मिक्सिंगला मी काय लावायचं ते लावीन."

"म्हंजी माझं काढून तुझं घालनार."

"तुम्हाला तरी कुठे कळणार आहे, तात्या?"

हे तो कुत्सितपणे बोलला असता तर एक कानाखाली वाजवून मोकळं होता आलं असतं. तो प्रेमाने बोलला. म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात ठेवून रोज चार पेंढ्या टाकायच्या, त्यातलं हे प्रेम. शिवी परतवता येते. हे कसं परतवायचं?

"ती चर्र कुठनं आनलीस?"

शेखरचा चेहरा उजळला. "तुमच्या जुन्या कॅसेट! महिनाभर तेच ऐकत होतो. मशीन तापली की तुमचा सूर जरासा चढतो, मग बसतो, तेही घातलंय. पण ती चर्र बसवायलाच खरा वेळ गेला. हुबेहूब झाली ना?"

"खोड होती ती. दुरुस्त करायची राहिली होती."

"तीच तर मजा आहे तात्या!"

इतकी वर्षं माणसं लहानूच्या सुरावर घुमली, नाचली, नारळ ठेवून गेली. ती चर्र कुणी ऐकली नव्हती. शेजारी उभं राहून गाणाऱ्या छायाने नाही, पैसा लावणाऱ्या कोंडाजीने तर नाहीच. हा एकच भेटला ऐकणारा. महिनाभर कान लावून बसला, आणि कशासाठी, तर त्याला दारातून बाहेर काढण्यासाठी. आणि तो स्वतः? त्याने आयुष्यभर आवाज म्हणून जे मिरवलं, ते एका काळवंडलेल्या काट्याचं रडणं होतं. काटा पुसला, तर बापाला पोर ओळखू आलं नाही.

तो उठला आणि काचेपलीकडे गेला.

"शेठ, मी चुकलो. दुसरा माझा व्हता. ह्यानं दया केली माझ्यावर."

कोंडाजीशेठने एकदा शेखरकडे, एकदा लहानूकडे पाहिलं. हिशेब लावला.

"म्हंजी तुमालाबी वळखू आलं नाय?"

"नाय आलं."

"मंग बायांना काय वळखू येतंय! घुमतील ना त्याच्यावर?"

"घुमतील," लहानू म्हणाला.

"झालं तर. चल रे शेखर, लाव तुझं. उगं दुपार गेली." आणि त्याने समोसा उचलला.

छाया लहानूजवळ आली. "गप बसला असता तात्या, तर काय बिघडलं असतं? तुम्ही बरोबरच होता ना सगळ्यांच्या हिशेबानं."

"कान चुकला, छाया. आता तोंडबी चुकवू का?"

शेखर मागे आला. ओशाळलेला होता, पण फार वेळ ओशाळायची त्याला सवय नव्हती. "तात्या, ऐका ना. मशीन इथेच ठेवा. मी घेतो विकत. बाहेर रिसेप्शनला काचेत ठेवू, वरून एक पिवळा लाईट. नाशिकच्या ऑर्केस्ट्राचा इतिहास आहे हा. लोक विचारतील."

"मढं सजवायचं असंल तर दुसऱ्याचं घर बघ," लहानू म्हणाला. "माझं अजून वाजतंय."

त्याने वायर काढली, गुंडाळली आणि शेखरच्या हातात दिली. मशीनवर घरून आणलेली सतरंजी गुंडाळली. कसंबसं खाली घेऊन ते बाहेरच्या दारापर्यंत ओढत नेलं, तिथे उभं टेकवलं; पण पायऱ्या चढवायला दोन माणसं लागत. छायाला गायचं होतं, शेखर संगणक सोडेना, आणि कोंडाजीशेठ म्हणाला, "एक टेक होऊ द्या, मंग धरतो." म्हणून लहानू काचेच्या बाहेर, दाराला टेकून थांबला. हरलेल्या माणसाला हमालाची वाट बघावी लागते, याची सोय कुठल्याच पैजेत नसते.

आत छायाने हेडफोन चढवला. हुंकार सुरू झाला. चर्र झालं, सूर वाढत गेला, संबळ पडला. छायाने गाणं उचललं ते चुकीच्या जागी. शेखरने थांबवलं.

"ताई, मात्रा मोजा. हुंकार उघडला की मोजायला लागायचं."

दुसऱ्या वेळी ती मागे पडली. तिसऱ्या वेळी घाई झाली. तिने कधी मात्रा मोजल्याच नव्हत्या. चाळिशी आली तरी तिला मोजता येत नव्हतं, आणि ते कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारण दर कडव्याआधी हुंकार भरला की लहानू मान खाली करायचा आणि ती त्या मानेवर सुरू करायची. संगणकाला मान नव्हती. तसलं चित्र कुणी काढलं नव्हतं.

"काय चाललंय?" कोंडाजीशेठ कुरकुरला. "मीटर चालू हाय ना स्टुडिओचं?"

शेखरने पुन्हा लावलं. छायाने सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं. टेबल रिकामं. तिची नजर भिंतीवरून, काचेवरून सरकत दारापाशी आली. लहानू सतरंजीवर हात ठेवून उभा होता. हुंकार वाढला, उघडला.

लहानूने हनुवटी खाली केली.

छाया अचूक समेवर उतरली. शेखरने काचेतून खुशीत अंगठा वर केला. लहानूने तो पाहिला नाही. पहिलं कडवं संपत आलं होतं, आणि दुसऱ्याची जागा जवळ येत होती.