मला वाचवू नका, जरा बसा

"मॅडम, पेशंट बरा होणारच नसेल, तर नर्सने करायचं काय? नुसतं बघत बसायचं?"

भोंगाने हा प्रश्न विचारला आणि अख्ख्या वर्गाच्या माना गर्रकन तिच्याकडे वळल्या! हिंमत असेल तर विचार, अशी पैज मैत्रिणींनीच लावली होती. आता त्याच मैत्रिणी कपाटाआड तोंड लपवून हसत होत्या. भोंगा ही पहिल्या वर्षाची मुलगी. ती कुजबुजली तरी जिन्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून हे नाव.

मित्रांनो, मी हे पडल्या पडल्या ऐकत होतो. मी नर्सिंग स्कूलमधला एक जुना सरावाचा पुतळा आहे. मुली मला मामा म्हणतात. रबराची कातडी चढवून, छातीत स्प्रिंग बसवून मला कारखान्यातून इथे धाडलं. छाती नीट दाबली की आतून 'टक्' असा आवाज येतो. त्या एका 'टक्'साठी मुली घामाघूम होतात. मी कितीदा मेलो नि कितीदा जिवंत झालो, देव जाणे! "मामा वाचले!" असं ओरडून त्या टाळ्या पिटायच्या, तेव्हा मलाही उगीच मूठभर मांस चढायचं.

पण अलीकडे मला मुळी चैनच पडत नव्हती. वाचवून झालं की सगळ्या चहाला पळायच्या. माझी चादर अर्धी जमिनीवर, मान वाकडी. मामा, बरं वाटतंय का, असं कुणी म्हणून विचारत नसे.

मॅडम म्हणाल्या, "ये पुढे. आज मामांचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे. हृदय थांबलं तरी छाती दाबायची नाही, हे त्यांनी आणि घरच्यांनी आधीच ठरवलंय. त्यांना दुखतंय, तोंड कोरडं पडलंय, भीती वाटतेय. कर सुरुवात."

भोंगाने बाह्या सरसावल्या आणि धाडकन माझी छाती दाबायला लागली. टक्! टक्!

"अगं, आत्ताच काय सांगितलं?"

"मॅडम, हात आपोआप जातात हो!"

दुसरीला बोलावलं. टक्! तिसरी तर माझ्यावर चढूनच बसली. धावून जाणं त्यांच्या हातात मुरलं होतं, थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं.

"ही हार नाही गं," मॅडम म्हणाल्या. "आजार हटत नाही, तेव्हा त्रास हटवायचा. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. इथे काम कमी नसतं, उलट जास्तच असतं."

भोंगा एकदम रडवेली झाली. "मॅडम, माझी आत्या अशीच आहे. ती म्हणते, मला आता हलवू नका. बाबा तिला पुन्हा मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. 'तू नर्स होणार ना, तूच सांग,' म्हणतात. आज उत्तर मागतील."

मग ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. ओल्या कापसाने माझे ओठ पुसले, मान सरळ केली, उशी सारखी केली. "मामा, कुठं दुखतंय?" असं विचारलं आणि चक्क थांबली. पाय सारखा हलत होता, नखं कुरतडून झाली, पण उठली नाही. माझ्या रबराच्या घशात शब्द असते तर!

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर एवढं करा. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसा.

शाळा सुटली तसे तिचे आई-बाबा सरावखोलीच्या दारात आले.

"गाडी सांगून ठेवू ना?" बाबांनी घाईने विचारलं.

"नको, बाबा."

"म्हणजे? ताईसाठी मी काहीच करायचं नाही?" त्यांचा आवाज चिरकला. आईने त्यांचा दंड धरला.

"पुष्कळ करायचंय, बाबा! तिचं दुखणं कमी होईल अशी औषधं घरीच देता येतील, मॅडम आत्याच्या डॉक्टरांशी बोलणार आहेत. आणि आई, मी ठरवलंय. मी सुट्टी घेऊन आत्ताच घरी येतेय. आत्याला काय हवंय, ते मी तिलाच विचारणार. ती उत्तर देईपर्यंत तुम्ही दोघांनी मध्ये एक अक्षर बोलायचं नाही!"